पावसाची वही

मृगाचे पाणी पडून गेले, की दुसऱ्या दिवशी सकाळी आपल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या कोणत्याही गावी पारावर एकच प्रश्न ऐकू येतो. “किती आलं पाणी?” कोणी म्हणतो, “चांगली वीतभर ओल गेली.” दुसरा म्हणतो, “कुठली वीत? आमच्या वावरात चार बोटंही नाही.” तिसरा सांगतो, “नाला काही वाहिला नाही, पण अंगणातलं घमेलं भरलं.” श्रोते हो, यातला कोणीच खोटे बोलत नाही. ज्याच्या त्याच्या वावरापुरते ज्याचे त्याचे खरेच असते. पण अडचण अशी, की दारव्ह्याच्या माणसाची वीत आणि वणीच्या माणसाची वीत सारखी नसते. भारी काळ्या जमिनीत चार बोटे गेलेली ओल आणि बरड जमिनीत वीतभर गेलेली ओल यांचा मेळ बसत नाही. आणि यंदाची वीत पुढच्या मृगापर्यंत कोणाच्या ध्यानातही राहत नाही.

पावसाचे माप सर्वांचे एक असावे, ते रोज ठरल्या वेळी घेतले जावे, आणि ते वहीत लिहून ठेवावे, या तीन साध्या गोष्टी माणसाला जमायला फार काळ लागला. त्याचीच हकीकत आज सांगायची आहे. ही हकीकत मोठमोठ्या शास्त्रज्ञांची आहे. पण तहसील कचेरीच्या आवारात रोज सकाळी साडेआठ वाजता हातात मोजपात्र घेऊन वाकणाऱ्या कारकुनाचीही ती तितकीच आहे.

आधी जुन्यातली जुनी गोष्ट पाहू. पाऊस मोजणे हे साहेबाबरोबर आपल्याकडे आले, असा पुष्कळांचा समज असतो. तो बरोबर नाही. कौटिल्याचे अर्थशास्त्र हा सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा ग्रंथ. त्यात सरकारी कोठाराच्या अधिकाऱ्याला सांगितले आहे, की कोठारासमोर एक अरत्नी, म्हणजे हातभर रुंद तोंडाचे कुंड ठेव आणि त्यात पाऊस माप. कोणत्या प्रदेशात किती पाऊस पडतो याचे आकडेही तिथे दिले आहेत. अश्मक देशात साडेतेरा द्रोण, अवंतीत तेवीस द्रोण. आणि अपरान्तात, म्हणजे आपल्या कोकणात, अमाप! कोकणातला पाऊस त्या काळच्या हिशेबनिसालाही आटोपला नाही, असे दिसते. आता गंमत पहा. हे काम कौटिल्याने ज्योतिषाकडे दिलेले नाही. कोठारवाल्याकडे दिले आहे. पाऊस किती पडला त्यावर काय पेरायचे, किती पिकेल आणि कोठारात किती येईल हे ठरते, हे त्याला पक्के ठाऊक होते.

दूर पूर्वेला कोरिया देशात सेजोंग नावाच्या राजाने १४४१-४२ च्या सुमारास याच्याही पुढचे पाऊल टाकले. त्याने पाऊस मोजण्याची एकाच मापाची भांडी तयार करवली आणि ती प्रांताप्रांतांतल्या अधिकाऱ्यांकडे पाठवली. एकच भांडे राजवाड्यात ठेवले असते, तर राजवाड्यावर किती पाऊस पडला एवढेच कळले असते. भांडी गावोगाव गेली म्हणून राज्यावर किती पडला ते कळू लागले. एक भांडे आणि भांड्यांचे जाळे यांतला हा फरक ध्यानात ठेवा. आजच्या भाषणाचे सारे सार त्यातच आहे.

आता आपल्या देशात येऊ. मुंबईला कुलाब्याची वेधशाळा १८२६ साली उभी राहिली आणि १८४१ पासून तिथे हवामानाच्या नोंदी नियमाने होऊ लागल्या. पुढे गणिती म्हणून कीर्ती मिळवलेले केरो लक्ष्मण छत्रे हे तरुणपणी याच वेधशाळेत सहायक होते. पुढे १८९६ साली नानाभाई फ्रामजी मूस हे या वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. मद्रासेत तर याहूनही आधीपासून वेध घेतले जात. परंतु ही वेधशाळा इथे, ती तिथे, असा तो प्रकार होता. विहिरी पुष्कळ, पण पाट कोठेच नाही, असे म्हणा ना.

हे तुकडे सांधायला मोठी संकटे यावी लागली. १८६४ साली कलकत्त्यावर समुद्रातून भयंकर वादळ आले. त्यात सुमारे साठ हजार माणसे दगावली असे सांगतात. दोनच वर्षांनी, १८६६ मध्ये, ओरिसात पावसाने दगा दिला आणि महाभयंकर दुष्काळ पडला. समुद्रावरचे वादळ किनाऱ्यावर येण्याआधी कळावे कसे? पाऊस मागे पडतो आहे हे वेळीच समजावे कसे? एका ठिकाणाहून हे समजणे शक्य नव्हते. म्हणून १८७५ साली सबंध देशाचे एकच हवामान खाते स्थापन झाले. हेन्री ब्लॅनफर्ड हा त्याचा पहिला मुख्य अधिकारी. त्याने यंत्रे एका मापाची केली, वेळा एक केल्या आणि ठिकठिकाणचे आकडे तारेने मागवायला सुरुवात केली. तारायंत्र आले नसते, तर हे खाते निघून फारसा उपयोग झाला नसता. कारण वादळ बैलगाडीच्या चालीने येत नाही. त्याची बातमी मात्र पूर्वी त्याच चालीने येत असे.

या साऱ्यात आपला मुलूख कोठे होता? वऱ्हाडचा कारभार १८५३ साली निजामाकडून इंग्रजांच्या हाती आला. आजच्या यवतमाळ जिल्ह्याला त्या काळी वणी जिल्हा म्हणत. साहेबाच्या कागदावर त्याचे ‘वून’ झाले होते. १९०५ साली जिल्ह्यांची फेररचना झाली, पुसद तालुका इकडे जोडला गेला आणि जिल्ह्याला यवतमाळ हे नाव मिळाले. यवतमाळ, दारव्हा, पुसद, केळापूर आणि वणी असे पाच तालुके. पाऊस मोजण्याचे काम महसूल खात्याकडे असे, आणि पर्जन्यमापक तालुक्याच्या कचेरीच्या आवारात. हे काम सरकारने केवळ रयतेच्या कळवळ्याने सुरू केले, असे मात्र कोणी समजू नये. वऱ्हाडचा कापूस मँचेस्टरच्या गिरण्यांना हवा होता. शेतसारा वसूल व्हायचा होता. आणि दुष्काळ पडला तर कोणत्या तालुक्यात काम काढावे लागेल, याचा अंदाज आधी हवा होता. हेतू काहीही असो, वही मात्र सुरू झाली. आणि वही एकदा सुरू झाली, की ती लिहिणाऱ्याच्या हेतूपेक्षा मोठी होत जाते.

तो पर्जन्यमापक म्हणजे तरी काय? सायमन्स नावाच्या इंग्रज गृहस्थाच्या नावाने तो ओळखला जातो. वरती पाच इंच व्यासाचे गोल तोंड, त्याखाली नरसाळे, नरसाळ्याखाली बाटली, आणि सगळे एका नळकांड्यात बसवून अर्धे जमिनीत पुरलेले. तोंड जमिनीपासून सुमारे एक फूट वर. नरसाळ्याचे भोक लहान, म्हणजे उन्हाने आतले पाणी उडून जात नाही. तोंड फार उंच ठेवले तर वाऱ्याने थेंब बाजूला जातात, फार खाली ठेवले तर जमिनीवरचे शिंतोडे आत येतात. म्हणून एक फूट. जवळ झाड किंवा भिंत असेल, तर तिच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतर सोडायचे. रोज सकाळी साडेआठला बाटली काढायची, पाणी मोजपात्रात ओतायचे, आकडा वाचायचा, वहीत लिहायचा. पूर्वी इंच आणि सेंट लिहीत, आता मिलिमीटर लिहितात. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर. पाऊस पडला नसेल, तर शून्य लिहायचे. जागा कोरी ठेवायची नाही.

हे शून्य फार मोलाचे आहे, बरे का! कोऱ्या जागेचे दोन अर्थ होतात. पाऊस पडला नाही, किंवा मोजणारा आला नाही. शून्याचा अर्थ एकच. “मी आलो होतो, मी पाहिले, पाणी नव्हते.” दुष्काळाची सारी हकीकत या शून्यांनीच लिहिली जाते.

सायमन्सची आणखी एक गोष्ट इथे सांगण्यासारखी आहे. त्याने १८६० साली इंग्लंडात पाऊस मोजणाऱ्या हौशी माणसांची मंडळी जमवायला सुरुवात केली. प्रथम दीडशेच्या आसपास माणसे होती. त्याच्या हयातीतच ती तीन हजारांवर गेली. त्यांत पाद्री होते, शाळामास्तर होते, जमीनदार होते. पगार कोणालाच नव्हता. अट एकच, रोज मोजायचे आणि खरे लिहायचे.

खरे लिहायचे, ही अट ऐकायला सोपी वाटते. मी लहान असताना एका कचेरीतला पर्जन्यमापक पाहिला होता. कचेरीचे नाव सांगत नाही. नरसाळ्यात चिमणीने काड्या घातल्या होत्या आणि आतली बाटली फुटलेली होती. वहीत मात्र रोजचा पाऊस ठाकठीक पडत होता! कारकुनाला विचारले तेव्हा तो हसून म्हणाला, “बाबू, शेजारच्या तालुक्याचा आकडा कळतो ना, त्याच्या अलीकडे-पलीकडे धरायचं.” त्याला वाटले, एका आकड्याने काय होते? पुष्कळांना तसेच वाटते. काय होते ते पुढे सांगतो.

ब्लॅनफर्डने आणखी एक धाडस केले. पावसाळा सुरू होण्यापूर्वीच तो कसा जाईल हे सांगण्याचा त्याने प्रयत्न केला. हिमालयावर बर्फ जास्त पडला, की पुढचा पावसाळा कमजोर जातो, असे त्याला नोंदींवरून दिसले होते. त्या आधारावर १८८६ पासून दरवर्षी असा अंदाज रीतसर निघू लागला. त्याच्या मागून आलेल्या जॉन एलियटने आणखी ठिकाणचे आकडे त्यात घातले. आणि मग १८९९ साल आले. त्या वर्षीचा अंदाज चांगल्या पावसाचा होता. प्रत्यक्षात मृग कोरडा, पुढची नक्षत्रेही कोरडी. देशभर पावसाने पाठ फिरवली. तीनच वर्षांपूर्वीच्या दुष्काळातून न सावरलेल्या वऱ्हाडावर हा दुसरा घाला पडला. उत्तरेकडे या दुष्काळाला विक्रम संवताच्या सालावरून ‘छप्पनिया’ म्हणतात. वऱ्हाडात गुरे चाऱ्यावाचून मेली आणि माणसे खडी फोडायला गेली. वर्तमानपत्रांनी हवामान खात्यावर इतकी टीका केली, की पुढे काही वर्षे हा अंदाज लोकांसाठी छापणेच बंद झाले. तो फक्त अधिकाऱ्यांच्या हाती जाई.

अंदाज चुकला का? एलियट आळशी नव्हता, अडाणीही नव्हता. पण त्याचे जाळे आखूड होते. आपल्या पावसाची दोरी जिथून हलत होती, तिथे त्याची माणसे नव्हती.

हे उमगले गिल्बर्ट वॉकर या गणितज्ञाला. १९०४ पासून १९२४ पर्यंत तो हवामान खात्याचा प्रमुख होता. त्याने भारताबाहेरचे, साऱ्या जगभरचे हवेच्या दाबाचे, पावसाचे, उष्णतेचे आकडे गोळा केले आणि कारकुनांची फौज बसवून त्यांची गणिते केली. त्यातून त्याला एक विलक्षण गोष्ट दिसली. प्रशांत महासागरावर हवेचा दाब वाढला, की हिंदी महासागराकडे तो कमी होतो. आणि तिकडे कमी झाला, की इकडे वाढतो. मुलांच्या खेळातली फळी जशी एकीकडे वर आणि एकीकडे खाली होते, तसे. यालाच त्याने ‘दक्षिणी दोलन’ म्हटले. पुढे १९६० नंतर शास्त्रज्ञांनी त्याची सांगड ‘एल निनो’शी, म्हणजे प्रशांत महासागराचे पाणी मधूनमधून तापते त्याच्याशी, घातली. १९७२ साली महाराष्ट्रात पडलेला दुष्काळ आपल्यातल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल. तेही एल निनोचेच वर्ष होते. मात्र एल निनो आला म्हणजे दुष्काळ पडलाच, असेही नव्हे. १९९७ साली तो फार जोरात होता, तरी देशाचा पाऊस सरासरीइतका झाला. निसर्ग एका दोरीने बांधलेला नाही. म्हणूनच पुष्कळ ठिकाणी पुष्कळ माणसे लक्ष ठेवून बसावी लागतात.

विचार करा. केळापूरच्या कास्तकाराने सरकी केव्हा डोबायची, हे ठरवताना ऑस्ट्रेलियाच्या डार्विन गावचा आणि प्रशांत महासागरातल्या ताहिती बेटाचा हवेचा दाब कामाला येतो! तिथल्या माणसाला केळापूर कोठे आहे ते ठाऊक नाही. आपल्याला ताहिती ठाऊक नाही. पण दोघांच्या वह्या एकमेकींशी बोलतात. राष्ट्राराष्ट्रांत भांडणे असतात, युद्धेही होतात. पण हवामानाच्या नोंदी एका मापाने घ्यायच्या आणि एकमेकांना द्यायच्या, हे ठरवण्यासाठी अनेक देश १८७३ साली व्हिएन्नात जमले. पुढे २३ मार्च १९५० रोजी जागतिक हवामान संघटनेचा करार अमलात आला. तो दिवस जगभर हवामान दिन म्हणून पाळतात. शिक्षक बंधुभगिनींनी ही तारीख शाळेच्या फळ्यावर अवश्य लिहावी.

आता पुन्हा घराकडे वळू. हवामान खात्याचे मुख्य कार्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्यास आले. पुणेकर आजही त्या जागेला ‘सिमला ऑफिस’ म्हणतात. पुढे मुख्य कचेरी दिल्लीला गेली, तरी देशभरच्या नोंदींचे भांडार आणि यंत्रांचे काम पुण्यातच राहिले. १९३२ साली तिथे शेतीच्या हवामानाचा खास विभाग निघाला आणि डॉ. रामदास यांच्या देखरेखीखाली पीक, माती आणि हवा यांचा एकत्र अभ्यास सुरू झाला. १९४५ पासून शेतकऱ्यांसाठी हवामानाची बातमीपत्रे रेडिओवरून सांगण्यास प्रारंभ झाला. आपले नागपूरचे आकाशवाणी केंद्र १९४८ च्या जुलैत सुरू झाले. गावच्या चावडीवरच्या एका रेडिओभोवती तेव्हा सारे गाव जमे. पूर्वी तालुक्याचा आकडा वर जाई आणि वरच राही. रेडिओमुळे तो फिरून गावात आला.

यंत्रांच्या बाबतीत एका बाईंचे नाव कृतज्ञतेने घेतले पाहिजे. त्या म्हणजे अण्णा मणी. त्रावणकोरात १९१८ साली जन्मलेल्या या विदुषी १९४८ साली पुण्याला हवामान खात्यात आल्या. तोपर्यंत साधी साधी यंत्रेही विलायतेहून येत. अण्णा मणींनी सुमारे शंभर यंत्रांचे नकाशे पक्के करून ती देशातच बनवण्याची व्यवस्था लावली. चुकीचे माप घेण्यापेक्षा माप न घेतलेले बरे, असा त्यांचा कटाक्ष असे. फुटक्या बाटलीच्या त्या कारकुनाला त्यांच्यासमोर उभे केले असते, तर काय झाले असते याची कल्पनाच केलेली बरी!

जाळे किती दाट हवे, या प्रश्नाचे उत्तर मुंबईने २६ जुलै २००५ रोजी दिले. त्या दिवसाच्या चोवीस तासांत सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. त्याच मुंबईत, तीस किलोमीटरही दूर नसलेल्या कुलाब्यात तो होता अवघा ७३ मिलिमीटर. म्हणजे मुंबईत फक्त कुलाब्याचीच वही असती, तर कागदोपत्री त्या दिवशी बेताचाच पाऊस पडला असता. आणि शहर बुडाले ते कशाने, याचा उलगडा वहीतून कधीच झाला नसता.

आपल्या जिल्ह्यालाही हेच लागू आहे. उत्तर-पूर्वेला वर्धा नदी आणि दक्षिणेला पैनगंगा, मध्ये डोंगरपठार. पश्चिमेकडून पूर्वेकडे, म्हणजे दारव्ह्याकडून वणीकडे जावे तसा पाऊस वाढत जातो. जिल्ह्याचे क्षेत्र साडेतेरा हजार चौरस किलोमीटरांच्या आसपास. तालुक्यागणिक एक पर्जन्यमापक धरला, तर पाच तालुक्यांच्या काळात एका भांड्याच्या वाट्याला सत्तावीसशे चौरस किलोमीटर येत. आता तालुके सोळा झाले आणि महसूल मंडळे शंभराच्या वर गेली. २०१७ पासून राज्यात ‘महावेध’ प्रकल्पाखाली दोन हजारांहून अधिक मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली. ती पावसाबरोबर वारा, उष्णता आणि हवेतील दमटपणाही मोजतात आणि आकडे आपोआप पाठवतात. तरीसुद्धा एका केंद्राच्या वाट्याला आपल्याकडे सव्वाशे-दीडशे चौरस किलोमीटर येतातच. सायमन्सच्या पर्जन्यमापकाचे तोंड तळहाताएवढे. त्या तळहाताने वीस-पंचवीस गावांची साक्ष द्यायची!

आणि ही साक्ष आता साधी राहिलेली नाही. मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा, म्हणजे अडीच इंचांहून अधिक पाऊस नोंदला गेला, तर सरकारी हिशेबाने ती अतिवृष्टी ठरते. ६४ नोंदला, तर ठरत नाही. पीकविम्याच्या हिशेबातही मंडळाचा पाऊस बघतात. जुलै २०२३ मध्ये आपल्या महागाव तालुक्यात आनंदनगरला पुराने वेढा घातला आणि अडकलेल्या माणसांसाठी हवाई दलाची हेलिकॉप्टरे बोलवावी लागली, हे तुम्हाला आठवत असेल. असे संकट साऱ्या जगाला दिसते. पण एखाद्या शिवारात ढग फुटल्यासारखा पाऊस होऊन पराटी खरडून गेली आणि मंडळाचे केंद्र दहा किलोमीटरवर कोरडे राहिले, तर त्या कास्तकाराचे नुकसान कोणत्या वहीत दिसणार? तो ओरडून सांगतो, “माझ्या वावरात तळं झालं होतं!” कागद म्हणतो, “मंडळात चाळीस मिलिमीटर.” कागदही खोटा नाही आणि कास्तकारही खोटा नाही. जाळ्याचा डोळा मोठा आहे आणि त्यातून मासा निसटला आहे, एवढेच. म्हणून तालुक्याला स्वयंचलित केंद्र आणि ग्रामपंचायतीगणिक पर्जन्यमापक असावा, असे धोरण केंद्र सरकारच्या ‘विंड्स’ या योजनेत आखले गेले आहे. जे यंत्र गावात येईल, ते झाडाखाली, पत्र्याशेजारी किंवा बंद पडलेले राहू नये, हे पाहणे मात्र गावाचेच काम. मागे त्या कारकुनाला वाटले होते, एका आकड्याने काय होते. एका आकड्याने साऱ्या मंडळाचा हक्क जातो किंवा राहतो, हे आता कोणालाही पटेल.

दुसरी गोष्ट पेरणीची. निदान ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय खरिपाची पेरणी करू नका, असे कृषी खाते दरवर्षी सांगते. आपण मात्र वीतभर ओल पाहून पेरतो, मग पंधरा दिवस उघाड पडते आणि दुबार पेरणी कपाळी येते. सरकीच्या बियाण्याला आज काय पडते, हे तुम्हाला सांगायला नको. शंभर मिलिमीटर झाले की नाही, हे अंगणातल्या घमेल्यावरून कळणार नाही. ते मोजावे लागेल. एक हिशेब पाठ करून ठेवा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एकरावर सुमारे चार हजार लिटर पाणी. पंचवीस मिलिमीटर म्हणजे एका एकरावर एक लाख लिटर.

आता शेवटचा आणि सर्वांत लांब पल्ल्याचा मुद्दा. आजचा पाऊस म्हणजे हवामानाची आजची तऱ्हा. पण पुष्कळ वर्षांच्या तऱ्हांची सरासरी काढली, की त्या मुलखाचा स्वभाव कळतो. माणसाचा स्वभाव एका भेटीत कळत नाही, तसेच हे आहे. “पूर्वी असा उन्हाळा नव्हता, पाऊस बदलला,” असे आपण म्हणतो. म्हातारी माणसे दर पिढीत असे म्हणत आली आहेत. खरे काय, ते वही सांगते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतील शास्त्रज्ञांनी १९५१ ते २००० या पन्नास वर्षांच्या रोजच्या पावसाच्या नोंदी तपासल्या आणि २००६ साली निष्कर्ष मांडला. मध्य भारतात एकूण पावसात मोठा फरक पडलेला नाही. पण अतिशय जोराचे पाऊस वाढले आहेत आणि मध्यम पाऊस कमी झाले आहेत. आपला जिल्हा त्यांनी अभ्यासलेल्या पट्ट्यातच येतो. याचा अर्थ काय? पाणी तेवढेच, पण जमिनीत मुरणारी झड कमी आणि माती वाहून नेणारा लोंढा जास्त. शेततळी, बांधबंदिस्ती, नाल्यांवरचे पूल, ईसापूरसारख्या धरणांचे दरवाजे, या साऱ्यांचा विचार या एका वाक्यावर बदलतो.

तसेच, १९०१ पासूनच्या नोंदींत २०२४ हे देशातले सर्वांत उष्ण वर्ष ठरले, असे हवामान खात्याने सांगितले. हे सांगता आले, कारण एकशे वीस वर्षांहून अधिक काळ कोणी ना कोणी रोज तापमापक वाचत होते. हवामान खात्याने देशाच्या पावसाचा जो मोठा संग्रह तयार केला, त्यात १९०१ ते २०१० या काळातील ६,९५५ पर्जन्यमापकांच्या नोंदी घेतल्या आहेत. त्या लिहिणाऱ्या हजारो कारकुनांची, पोस्टमास्तरांची, शिक्षकांची नावे कोणालाही माहीत नाहीत. त्यांतल्या पुष्कळांनी हवामानबदल हा शब्द ऐकलेला नव्हता. आपल्या वहीतून शंभर वर्षांनी काय निघणार, हे त्यांना कळण्याचा संभव नव्हता. त्यांनी फक्त त्या दिवशीचा आकडा खरा लिहिला.

आणि जिथे तो लिहिला गेला नाही, तिथे काही उपाय नाही. पडका बांध पुन्हा घालता येतो, आटलेली विहीर खोल करता येते. पण मागच्या मंगळवारी न मोजलेला पाऊस पुन्हा मोजता येत नाही. तो कोणत्याही यंत्राने, कितीही पैसे खर्चून परत मिळत नाही. नागपूरला आज रडार आहे, पहाटे आणि सायंकाळी आकाशात फुगे सोडतात, वरून उपग्रह पाहतात. ही सारी साधने उत्तम आहेत. पण रडारला दिसलेला पाऊस खरा किती होता, हे पडताळायला शेवटी जमिनीवरचे भांडेच लागते. डोळा लांबचे पाहतो. माप मात्र हातच घेतो.

म्हणून शिक्षकमित्रांना एक विनंती आहे. आपल्या शाळेच्या आवारात, झाडापासून आणि भिंतीपासून दूर, एक पर्जन्यमापक बसवा. पाच इंची यंत्र मिळाले तर उत्तम. नाही मिळाले, तर वरपासून खालपर्यंत सारख्या रुंदीचा, सपाट बुडाचा सरळ डबा घ्या. त्याच्या आत साचलेल्या पाण्याची उंची पट्टीने मोजा. तीच पावसाची मिलिमीटर. डबा कितीही रुंद असो, आकडा तोच येतो. का येतो, हा एका तासाचा सुंदर पाठ आहे. इयत्ता पाचवीची मुले आळीपाळीने साडेआठला मोजतील. रविवारी आणि सुटीत कोणी मोजायचे, ते आधी ठरवा. पाऊस सुटी पाळत नाही. पडला नाही त्या दिवशी शून्य लिहायला शिकवा. विसरलो, तर “विसरलो” असेच लिहायला शिकवा. हा धडा केवळ भूगोलाचा नाही.

शाळेच्या वहीवर विम्याचे पैसे मिळणार नाहीत, हे खरे आहे. तशी आशा कोणी धरू नये. पण दहा वर्षांनी आपल्या गावाचा पाऊस मंडळाच्या पावसापेक्षा नेहमी कमी असतो की जास्त, हे गावाला छातीठोकपणे सांगता येईल. ग्रामसभेत, तहसीलदारापुढे, विहिरीची जागा ठरवताना “आमच्या गावात पाणी कमी पडतं” असे नुसते न म्हणता वही उघडून दाखवता येईल. तोंडच्या गाऱ्हाण्यापेक्षा लिहिलेल्या आकड्याला जास्त जोर असतो.

येत्या मृगाला पहिले पाणी पडेल. दुसऱ्या दिवशी पारावर पुन्हा तोच प्रश्न निघेल, “किती आलं पाणी?” त्या वेळी गर्दीतून एखादी शाळकरी पोर पुढे येऊन म्हणाली, “बाबा, तेवीस मिलिमीटर,” तर म्हाताऱ्यांनी तिच्यावर हसू नये. तिला विचारावे, “आणि काल?” तिने सांगावे, “काल शून्य.” पावसाची वही अशीच सुरू होत असते.